एका ‘जणू’ची गोष्ट

अलंकार शिकवताना आपण मुलांना एक युक्ती सांगतो. वाक्यात ‘सारखे’ किंवा ‘प्रमाणे’ सापडले की उपमा, ‘जणू’ सापडले की उत्प्रेक्षा, आणि असा कुठलाच शब्द नसताना दोन गोष्टी एकच मानल्या असतील तर रूपक. ‘डोळे जणू दिवेच’ म्हणणाऱ्याने स्वतःसाठी एक पळवाट ठेवलेली असते. ‘नेत्रदीप’ म्हटले की ती वाट बंद होते. परीक्षेतल्या एका गुणापलीकडे या फरकाला कुणी फारशी किंमत देत नाही. पण १७०६ साली लंडनमध्ये अशा एका ‘जणू’साठी छापून झालेल्या पुस्तकाचे पान कापून काढावे लागले. पुस्तक न्यूटनचे होते, भाषा लॅटिन होती, आणि त्या पानावरून पुढे जे भांडण पेटले त्यात न्यूटनच्या विरुद्ध बाजूला लायब्निट्स उभा होता.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्येच निघाला. त्या काळी विद्वानांसाठी लिहायचे तर लॅटिनमध्ये, हा रिवाजच होता. ‘ऑप्टिक्स’ हे प्रकाशावरचे पुस्तक मात्र त्याने इंग्रजीत लिहिले आणि ते १७०४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला बराचसा मजकूर कितीतरी वर्षे तयार होता. वादात पडायला नको म्हणून छपाई लांबवली, असे तो प्रस्तावनेत सांगतो. रॉबर्ट हूक १७०३ मध्ये वारला आणि पुस्तक पुढच्याच वर्षी बाहेर पडले, यावरून कुणाशी वाद टाळायचा होता ते वाचकाने ओळखावे.

अडचण अशी की, इंग्रजी ही तेव्हा एका बेटाची भाषा होती. पॅरिस, बाझेल, हॅनोव्हर इथल्या फार थोड्या विद्वानांना ती वाचता येई. ‘जगाच्या ज्ञानाची भाषा’ म्हणून आज जिच्यामागे सारे धावतात, त्या भाषेतले पुस्तक युरोपात वाचले जावे म्हणून त्याचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करावे लागत होते, हे आपल्या वर्गांत आवर्जून सांगण्यासारखे आहे.

भाषांतराचे काम सॅम्युएल क्लार्क या तरुण धर्मोपदेशकाकडे आले. त्याचा जन्म १६७५ चा, म्हणजे तो तेव्हा तिशीत होता. पण या कामात तो नवखा नव्हता. देकार्तचा अनुयायी असलेल्या झाक रोओ याचे भौतिकशास्त्राचे फ्रेंच पाठ्यपुस्तक त्याने १६९७ मध्ये लॅटिनमध्ये आणले होते. केंब्रिजमध्ये तेच पाठ्यपुस्तक चाले. क्लार्कने मूळ मजकुराला हात लावला नाही, टीपा तेवढ्या जोडल्या. पुढच्या आवृत्त्यांत या टीपा वाढत गेल्या आणि अधिकाधिक न्यूटनच्या बाजूच्या होत गेल्या. परिणामी वरती देकार्तचे मत आणि खाली त्याचे खंडन, असे ते पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागले. अभ्यासक्रम न बदलता अभ्यास बदलण्याचा इतका शांत मार्ग मला दुसरा माहीत नाही. असा माणूस न्यूटनला आवडला नसता तरच नवल. ‘ऑप्टिके’ या लॅटिन भाषांतराबद्दल न्यूटनने क्लार्कला पाचशे पौंड दिले, त्याच्या पाच मुलांपैकी प्रत्येकाच्या नावे शंभर, अशी हकीकत सांगतात.

मुख्य गोष्टीकडे वळण्याआधी क्लार्कपुढच्या कामाची कल्पना यावी म्हणून एक लहान नमुना पाहू. रस्त्यावरच्या ओल्या डांबरावर तेल सांडले की रंगांची वलये दिसतात, ती सर्वांच्या परिचयाची आहेत. न्यूटनने अशीच वलये सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवून पाहिली. भिंग आणि काच यांच्यामधली हवेची फट मध्यापासून बाहेर वाढत जाते, आणि फट जसजशी वाढते तसतशी उजळ आणि काळी वलये आलटून पालटून येतात. पिवळ्या प्रकाशासाठी त्याने फटीची जाडी काढली. मध्यावरच्या काळ्या ठिपक्यानंतर येणाऱ्या पहिल्या काळ्या वलयाशी ती एका इंचाचा सुमारे ८९,०००वा भाग भरली. मिलिमीटरच्या भाषेत सांगायचे तर ०.०००२८५. आपण आज ज्याला पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी म्हणतो तिच्या बरोबर निम्मी! ज्याने प्रकाश हा तरंग आहे हे मानले नाही, त्याच्याच हाताने ही मोजणी झाली आहे.

तरंग मानायचे नाहीत, तर वलये कशी समजावायची? न्यूटनने म्हटले की, प्रकाशकिरणाला ठरावीक अंतराने कधी परावर्तित होण्याचा, तर कधी पार जाण्याचा कल येतो. या येण्याला त्याने इंग्रजीत ‘फिट्स’ हा शब्द वापरला. त्या काळी हा शब्द हिवतापाच्या संदर्भात रोजचा होता. थंडी वाजून ताप भरतो, उतरतो आणि नेमक्या वेळी पुन्हा भरतो, त्या प्रत्येक भरण्याला इंग्रज ‘फिट’ म्हणत. किरणाला जणू परावर्तनाचा ताप भरतो! क्लार्कच्या लॅटिनमध्ये मात्र ताप उतरला. तिथे ‘विकेस’ हा शब्द आला. त्याचा अर्थ आळीपाळी, फेरे. झटक्याची कल्पना गेली, नियमितपणा तेवढा राहिला. आणखी एक बारीक बदल झाला. इंग्रजीत परावर्तन ‘सोपे’ होते, लॅटिनमध्ये ते ‘अधिक सोपे’ झाले. मला ही तुलना जास्त सावध वाटते, कारण किरणाला दोन्ही वाटा मोकळ्या असतात, फक्त एक वाट दुसरीपेक्षा सोपी असते, असे त्यातून सूचित होते.

मराठी भाषांतरकाराला इथे क्लार्कइतका घाम गाळावा लागला नसता. आपल्याकडे ‘पाळी’ हा शब्द आहे. कामाचीही पाळी असते आणि तापाचीही. ‘पाळीचा ताप’ हा शब्दप्रयोग खेड्यापाड्यांत सर्वांना कळतो. ‘सुलभ परावर्तनाची पाळी’ म्हटले की इंग्रजीतला ताप आणि लॅटिनमधली आळीपाळी दोन्ही एकाच शब्दात येतात.

आता त्या पानाकडे येऊ. ‘ऑप्टिक्स’च्या शेवटी न्यूटनने काही प्रश्न जोडले होते. १७०४ च्या इंग्रजी आवृत्तीत ते १६ होते. लॅटिन आवृत्तीसाठी त्याने आणखी ७ लिहिले आणि ते २३ झाले. प्रश्न म्हणायचे, पण त्यांची रचना ‘अमुक असे नाही का?’ अशी. ‘आज शनिवार नाही का?’ असे आपण विचारतो तेव्हा आपल्याला वार माहीत असतो. सिद्ध करता येत नाही पण मनात पक्के आहे, असे जे जे होते ते न्यूटनने या ‘नाही का’च्या आडून सांगितले. सिद्धता मागायला कुणी आला तर ‘मी तर फक्त विचारले’ म्हणायला तो मोकळा.

नव्या प्रश्नांपैकी विसाव्यात तो अवकाशाकडे वळला. ग्रहांमधली जागा रिकामी आहे, हे त्याला प्रकाशाच्या आणि ग्रहगतीच्या अभ्यासातून पटले होते. मग त्या रिकाम्या जागेत आहे काय? डेव्हिड ग्रेगरी या त्याच्या गणिती स्नेह्याने २१ डिसेंबर १७०५ रोजी न्यूटनशी झालेल्या बोलण्याचे टिपण ठेवले आहे. त्यावरून दिसते की, हा प्रश्न छापावा की नाही याबद्दल न्यूटन स्वतःच साशंक होता. ईश्वर सर्वत्र आहे हे तो शब्दशः खरे मानत होता. वस्तूंच्या प्रतिमा मेंदूत पोचल्या की आपल्याला वस्तूंची जाणीव होते. ईश्वर तर प्रत्येक वस्तूपाशी स्वतःच हजर, तेव्हा त्याला ती थेटच होणार, असा त्याचा विचार होता.

हे मांडायला त्याने शरीरशास्त्रातला एक शब्द उचलला, ‘सेन्सोरियम’. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून मज्जातंतू जे काही आणतात ते मेंदूत एका ठिकाणी जमा होते आणि तिथे जीव त्याची दखल घेतो, अशी त्या काळची समजूत होती. ते ठिकाण म्हणजे सेन्सोरियम.

आणि इथे पानाची भानगड झाली. ‘ऑप्टिके’चे पान ३१५ पहिल्यांदा छापले तेव्हा त्यात सारा अवकाश हाच एका अशरीरी, जिवंत, बुद्धिमान अस्तित्वाचे सेन्सोरियम आहे, असे ‘नाही का’ लावून विचारलेले होते. सरळ रूपक. ‘सारखे’ नाही, ‘जणू’ नाही. पुस्तक विक्रीला जाण्याआधी हे खटकले. कागद छापून झाले होते. मग त्या काळच्या मुद्रकांचा ठरलेला उपाय केला गेला. तेवढेच एक पान, म्हणजे पुढची-मागची दोन पृष्ठे, नव्याने जुळवून छापायचे. बांधणाऱ्याने जुने पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापायचे आणि त्या पट्टीवर नवे डकवायचे. नव्या पानावर अर्थ असा झाला: सृष्टीतल्या घटनांवरून असे दिसत नाही का की, एक अशरीरी, सर्वव्यापी अस्तित्व आहे, आणि ते अनंत अवकाशात, जणू आपल्या सेन्सोरियममध्ये, वस्तू प्रत्यक्ष पाहते? या ‘जणू’साठी क्लार्कने लॅटिनमध्ये ‘टांक्वाम’ हा शब्द वापरला. १७१७ च्या इंग्रजी आवृत्तीत प्रश्नांची संख्या ३१ झाली आणि हा प्रश्न २८वा झाला. तिथेही हे ‘जणू’ इंग्रजी रूपात कायम आहे.

फरक किती पडला पाहा. पहिल्या वाक्यात ‘अवकाश’ हा कर्ता होता आणि त्याला ईश्वराचा अवयव ठरवले होते. दुसऱ्यात कर्ता ईश्वर झाला, अवकाश सप्तमीत गेला आणि सेन्सोरियम नुसत्या उपमेपुरते उरले. व्याकरणाच्या तासाला विभक्ती बदलली की काय बिघडते, असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पण कापलेली पाने सगळीकडे कापली गेली नाहीत. त्या काळी पुस्तके बहुधा सुट्या कागदांच्या रूपात विकली जात आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बांधणाऱ्याकडून ती बांधून घेई. कुणाकडून नवे पान डकवायचे राहून गेले. काही प्रती जुन्या पानासकट जगात गेल्या.

शिवाय ‘जणू’ छापले म्हणून लोक ते वाचतात असेही नाही. जोसेफ ॲडिसन हा त्या काळचा नामवंत निबंधकार. जुलै १७१४ मध्ये ‘स्पेक्टेटर’च्या ५६५व्या अंकात त्याने न्यूटनची थोरवी गाताना सांगून टाकले की, न्यूटन अनंत अवकाशाला ईश्वराचे सेन्सोरियम म्हणतो आणि अवकाशाकडे पाहण्याची ही सर्वांत उदात्त रीत आहे. ॲडिसन हा न्यूटनचा चाहता. चाहत्यानेच ‘जणू’ गाळला, तर विरोधकाकडून काय अपेक्षा करायची?

विरोधक तयारच होता. कलनशास्त्र आधी कुणी शोधले यावरून न्यूटन आणि लायब्निट्स यांचे वैर तोवर टोकाला गेले होते. रॉयल सोसायटीच्या चौकशीने १७१२ मध्ये न्यूटनच्या बाजूने निकाल दिला होता, आणि त्या सोसायटीचा अध्यक्ष स्वतः न्यूटनच होता! लायब्निट्स हॅनोव्हरच्या राजघराण्याच्या चाकरीत होता. १७१४ मध्ये तेच घराणे इंग्लंडच्या गादीवर आले, दरबार लंडनला गेला आणि म्हातारा लायब्निट्स मागे राहिला. पण त्याची जुनी विद्यार्थिनी कॅरोलाइन आता वेल्सची राजकुमारी होती. नोव्हेंबर १७१५ मध्ये त्याने तिला पत्र लिहिले की, इंग्लंडमध्ये धर्मविचाराचा ऱ्हास होतो आहे आणि न्यूटन तर अवकाशाला ईश्वराचे इंद्रिय म्हणतो. ईश्वराला जाणण्यासाठी इंद्रिय लागत असेल, तर सर्व काही त्याच्यावर अवलंबून आहे असे कसे म्हणता येईल?

कॅरोलाइनने ते पत्र क्लार्ककडे दिले. नऊ वर्षांपूर्वीचा भाषांतरकार आता वकील झाला. त्याचे पहिले उत्तर असे की, न्यूटन असे म्हणतच नाही, तो फक्त साम्य दाखवतो, आणि त्या ओळीत ‘टांक्वाम’ आहे तो पाहावा. लायब्निट्स हटला नाही. मग वाद शब्दकोशांवर गेला. सेन्सोरियम म्हणजे इंद्रियच, असे म्हणत लायब्निट्सने गोक्लेनिउसच्या तत्त्वज्ञानकोशाचा हवाला दिला. क्लार्कचे म्हणणे, तो शब्द इंद्रियाचा नव्हे, संवेदनेच्या स्थानाचा वाचक आहे. आणि गोक्लेनिउसला काय म्हणायचे होते हा मुद्दाच नाही, न्यूटनला काय म्हणायचे होते हा आहे.

नुसत्या शब्दाच्या घडणीवरून पाहिले तर क्लार्कच्या बाजूने बोलता येते. ‘ऑडिटोरियम’ म्हणजे ऐकण्याची जागा, ‘सॅनेटोरियम’ म्हणजे बरे होण्याची जागा. तसे ‘सेन्सोरियम’ म्हणजे जाणण्याची जागा. पण ज्या ग्रीक शब्दावरून तो बेतला होता त्याचा नेहमीचा अर्थ इंद्रिय असाच, म्हणून लायब्निट्सचेही अगदीच चुकत नव्हते. मराठीत आणताना आपण ‘इंद्रिय’ हा प्रतिशब्द घेतला की लायब्निट्सच्या पक्षात जातो, ‘संवेदनस्थान’ घेतला की क्लार्कच्या. तटस्थ शब्द मला तरी सापडला नाही, म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.

हा सगळा कीस वाचून वाटेल की, दोन विद्वानांना दुसरे काम नव्हते. पण ‘जणू’च्या मागे भौतिकशास्त्रातला एक खराखुरा प्रश्न दडला होता. अवकाश म्हणजे काय? न्यूटनच्या मते ती एक स्वतंत्र, निश्चल अशी चौकट आहे. वस्तू असोत वा नसोत, ती आहेच. लायब्निट्सच्या मते अवकाश अशी वेगळी चीज नाही. वस्तूंचे एकमेकींशी जे स्थानसंबंध, त्यांनाच आपण अवकाश म्हणतो. सगळे विश्व आहे तसे उचलून दोन हात उजवीकडे ठेवले, तर काय बदलले? काहीच नाही, म्हणून असे ‘उजवीकडे’ मुळात नाहीच, हा त्याचा युक्तिवाद. क्लार्कचे उत्तर गतीवर होते: चालते जहाज एकदम थांबले तर आतल्या माणसाला धक्का बसतो, तसा सगळ्या विश्वाची गती एकदम थांबली तर धक्का बसेल, मग ती गती खरी नव्हे कशी? पुढे एकोणिसाव्या शतकात माखने आणि त्याच्यानंतर आइन्स्टाइनने हा वाद पुन्हा हाती घेतला.

दोघांची पाच-पाच पत्रे झाली. क्लार्कचे पाचवे उत्तर हॅनोव्हरच्या वाटेला लागले आणि त्याला उत्तर येण्याआधीच १४ नोव्हेंबर १७१६ रोजी लायब्निट्स वारला. शेवटचा शब्द क्लार्ककडे राहिला. १७१७ मध्ये त्याने सगळी पत्रे पुस्तकरूपाने छापली. लायब्निट्सची पत्रे फ्रेंचमध्ये होती, त्यांचे इंग्रजी भाषांतरही क्लार्कनेच केले.

यानंतर बराच काळ अभ्यासकांचा समज असा की, लायब्निट्सने वाचताना ‘टांक्वाम’ हेतुपुरस्सर गाळला. कलनशास्त्राच्या भांडणाचा राग त्याने इथे काढला. १९६१ मध्ये अलेक्झांडर कोयरे आणि बर्नार्ड कोहेन या विज्ञानेतिहासकारांनी ‘आयसिस’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि ‘ऑप्टिके’च्या निरनिराळ्या प्रती ताडून कापलेल्या पानाची गोष्ट उजेडात आणली. एखाद्या प्रतीत जुने पान शिल्लक होते, त्यात ‘टांक्वाम’ नव्हताच. लायब्निट्सच्या हाती अशीच प्रत पडली असेल, तर तो प्रामाणिकपणे जे वाचले तेच सांगत होता, आणि क्लार्क प्रामाणिकपणे दुसरेच पान पुढे करत होता. फरक एवढाच की, असे दुसरे पान आहे हे क्लार्कला ठाऊक असणार, कारण भाषांतर त्याचेच होते.

लायब्निट्सची प्रत कोणती होती हा प्रश्न खरे तर फारसा निर्णायकही नाही. पान ३१५ दुरुस्त झाले, पण पुस्तकाच्या शेवटच्या प्रश्नात न्यूटन पुन्हा त्याच कल्पनेकडे आला आहे. आपण इच्छेने आपले हातपाय हलवतो, त्याहून सहज ईश्वर आपल्या अमर्याद सेन्सोरियममधल्या वस्तू हलवू शकतो, असे तो तिथे म्हणतो. त्या वाक्यात ‘जणू’ नाही, आणि ते पान कुणी कापले नाही. १७१७ च्या इंग्रजी आवृत्तीत हा प्रश्न ३१वा आहे. त्या वाक्याच्या पाठोपाठ तिथे खुलासा वाचायला मिळतो: विश्व हे ईश्वराचे शरीर समजू नये, आणि ईश्वराला इंद्रियांची गरज नाही.